नानांचा वॉर्म-अप

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला एरोबिक्सचा क्लास भरतो. पुढे मॅडम उड्या मारतात, मागे आम्ही जमेल तशा मारतो आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या पंख्याखाली, नाना असतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल दिवा दाखवायची हौस फिटलेली नाही.

आल्या आल्या नाना एक बूट काढून अंगठ्याने लादी चाचपतात. पुसलेली फरशी कुठे ओली लागली की गाणं बंद, फडकं आणा! मग पादत्राणांची पाहणी. "वहिनी, ही सँडल लग्नाला घाला. टाच धरत नाही ती. घोटा मुरगळला की महिनाभर पोळ्या कोण लाटणार?" वहिनींचे यजमान तेवढ्यापुरते गंभीर होतात. नव्या मेंबरला पहिला प्रश्न, "बीपीची गोळी चालू आहे का? छातीत कधी दुखलं होतं? डॉक्टरांना विचारलंत?" नाव नंतर.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, "बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये." व्यायामाचा जोर बेताचा आहे की नाही, हे ओळखायची ही खरोखरच डॉक्टरी खूण. पण नानांची परीक्षा घ्यायची तऱ्हा वेगळी. ऐन जंपिंग जॅकमध्ये शेजारी येऊन म्हणतात, "एकोणतीसचा पाढा म्हणा." पाढा अडला तर दम लागला म्हणून अडला की मुळातच येत नव्हता, हे कसं ठरवायचं? स्वतः नाना मात्र क्लासभर नाट्यपद गुणगुणत असतात. त्यांच्याच नियमाने याचा अर्थ काय होतो, हे त्यांना सांगायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

वरच्या मजल्यावरच्या आयटीवाल्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दोनशेवीसमधून वय वजा करा, तेवढे ठोके म्हणजे कमाल मर्यादा. नाना म्हणाले, "अरे, तो ढोबळ आकडा. माझे ठोके गोळीच्या ताब्यात आहेत, तुझं घड्याळ काय सांगणार?" हेही खरंच. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढतच नाही. माणूस बरोबर असतो, हाच त्याचा मोठा त्रास.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गुडघ्यांमुळे क्लास सोडायचं ठरवलं होतं. नाना जिन्यात गाठून म्हणाले, "एक पाय कायम जमिनीवर ठेवायचा. उडी नाही, नुसतं पाऊल. लादीला स्प्रिंग नसते, सगळा दणका गुडघ्यालाच." काकू आता एकही दिवस चुकवत नाहीत. अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं, हे नाना प्रत्येकाला सांगतात. जणू कूपर त्यांच्याच बॅचचे.

गाणं संपताच आम्ही खुर्च्यांकडे धावतो. "बसू नका! पायातलं रक्त पायातच राहील, चक्कर येईल!" मग सगळ्यांना हॉलभर सावकाश प्रदक्षिणा. नाना पुढे.

परवा मॅडमना ताप होता. नाना म्हणाले, "मी घेतो." मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे, एकेक सांधा नावानिशी मोकळा केला. कुणीतरी विचारलं, "नाना, मुख्य व्यायाम कधी?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेसातला पाच मिनिटं कमी होती.

"चला," नाना म्हणाले, "आता कूल-डाउन."