कर्नल घाबरला

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसलो, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’. पुढे काही हलेना. मी ते मोठ्याने वाचलं. आतून हिने विचारलं, “कोण कर्नल?”

“संगणकातला. घाबरलाय.”

“फौजेतला माणूस असून?” म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

हा कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीचा गाभा. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने तो हौस म्हणून लिहायला घेतला. ती हौस शहापुरात माझ्या टेबलापर्यंत आणली मुरबाडच्या भाच्याने. जुना संगणक मी भंगारात घालायला निघालो होतो; त्याने त्यात लिनक्स घातलं आणि तो पुन्हा पळू लागला. आदल्या रात्री त्याच लिनक्सने विचारलं, नवा कर्नल आलाय, घेऊ का? दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? घे म्हटलं.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, ओट्यावर आहे. पडद्यावरचं सगळं कागदावर उतरवून ओट्यावर आलो आणि भाच्याला फोन लावला.

“मामा, घाबरू नका.”

“मी कुठे घाबरलोय? घाबरलंय ते. ‘नॉट सिंकिंग’ म्हणतंय.”

त्याने उलगडून सांगितलं. कर्नलचा एकदा गोंधळ उडाला की तो डिस्कवर काही लिहायला जात नाही. भलतंच काही लिहून आहे ते बिघडवण्यापेक्षा हात बांधून उभा राहतो. हे मला फार आवडलं. भाऊबंदकीत रागाच्या भरात कागदांवर सह्या करून मोकळे झालेले शहाणे मी पाहिलेत.

दुसरी तक्रार होती मूळ डिस्क सापडत नसल्याची. आमच्या या लिनक्सात कर्नल एकटा डिस्कपर्यंत पोचत नाही. त्याच्याबरोबर एक लहानसं गाठोडं लागतं, इनिटरॅमएफएस. डिस्क ओळखायची हत्यारं त्यात असतात. डिस्क हाती लागली की गाठोड्याचं काम संपलं. मला लगेच आमच्या तालुक्यातला कसारा आठवला. 1865 पासून गाड्या थळ घाट चढताहेत. 37 फुटांना 1 फूट अशी ती चढण. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून इंजिनं जोडतात आणि इगतपुरी आली की सोडतात. “म्हणजे माझी गाडी मागच्या इंजिनाशिवाय घाटात घातली!” मी खूश होऊन म्हटलं.

“असेल मामा. आमच्या मुरबाडला रेल्वेच नाही, मला काय कळणार?”

आता संगणक आत, फोन बाहेर. मध्ये उंबऱ्यापाशी हिला उभं केलं.

“तो म्हणतोय, सुरू होताना शिप दाबून धरा.”

“शिफ्ट!”

“तेच ते. धरा.”

चौथ्या खेपेला यादी उमटली. तिच्यात खाली जुने कर्नल ओळीने बसलेले. नवा येतो तेव्हा जुन्याला लगेच घालवत नाहीत, ही या मंडळींची रीत मला तोवर ठाऊकच नव्हती. त्यातला एक निवडला आणि संगणक काही झालंच नाही अशा थाटात उघडला.

पण भाचा तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्याने दोन आज्ञा टंकायला लावल्या आणि मूळ दुखणं बाहेर काढलं. कर्नल ठेवायचा कप्पा मुळातच लहान, त्यातून मी कधी काही काढलेलं नाही. सात जुने कर्नल तिथे पाय पसरून पडलेले. नवा कसाबसा आत शिरला, त्याच्या गाठोड्याला जागाच उरली नाही. ज्यांनी वाचवलं, अडवलंही त्यांनीच.

“चालतोय तो एक जुना ठेवायचा, बाकीचे काढायचे,” हिने भाच्याचा निरोप दिला. मी काढले. नव्याचं गाठोडं बांधून झालं. संगणक बंद करून पुन्हा लावला, नव्या कर्नलवर सुरळीत चालला.

“एक ठेवायचा, बाकीचे काढायचे,” ती पुन्हा म्हणाली. फोन केव्हाच बंद झाला होता आणि ती माळ्याकडे बघत होती. माळ्यावर तीन कंदील, बिजागरी तुटलेली पत्र्याची पेटी आणि म्हशाच्या जत्रेतून वेळोवेळी आणलेल्या चार घोंगड्या.

दुपारी शिडी लावली. घोंगड्या पुण्याच्या बहिणीसाठी बांधल्या, पेटी भंगारात गेली. कंदील दोन ठेवलेत. त्यातल्या एकाची काच फुटलीय, पण वात अजून चांगली आहे.