वाटणी झालेल्या गाड्या

"माई, काल वरच्या गल्लीत फटाके कशाचे वाजले?"

"तुला ठाऊक नाही? धाकट्या पाटलाची गाडी आली. थोरल्याने आखाजीला स्कोडाची स्लाव्हिया आणली, तेव्हापासून याला झोप नव्हती. आता फोक्सवॅगनची व्हर्टस आणलीय. ओट्यावर बसून सगळ्यांना सांगतोय, आपलीच खरी जर्मन, भावाची कुठली कोण जाणे!"

"अहो, दोन्ही चाकणच्या! माझा भाऊ तिकडेच कामाला आहे ना. एकाच कारखान्यातल्या, प्लॅटफॉर्मही एकच."

"म्हणजे गं?"

"खालचा सांगाडा, सस्पेन्शन, इंजिन बसायची जागा, हे सगळं सामाईक. भारतासाठी मुद्दाम बेतलेला प्लॅटफॉर्म आहे तो. २०२१ मध्ये त्याच्यावर कुशाक आणि टायगुन आल्या, २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत टेप लावा, चौघींचं अंतर २६५१ मिलिमीटर. एक लिटर आणि दीड लिटरची पेट्रोल इंजिनंही तीच."

"म्हणजे आजोबा एक आणि वाटण्या झालेली घरं दोन. या पाटलांसारखंच की! पण मग गिऱ्हाइकाला फसवल्यासारखंच झालं."

"फसवणूक कसली? नवा प्लॅटफॉर्म उभा करायला अफाट पैसा लागतो. साचे, चाचण्या, सुटे भाग, सगळा खर्च चार गाड्यांत विभागला तर परवडतो. पत्रा, दिवे, आतली सजावट ज्याची त्याची. आणि सांगाडा चांगला असला तर सगळ्यांनाच फायदा. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने या गाड्या आपटून बघितल्या. कुशाक-टायगुनला २०२२ मध्ये पाच तारे, स्लाव्हिया-व्हर्टसला २०२३ मध्ये पाच."

"आमच्या दिरांची लोगन होती बघ, नाशिकला बनलेली. लोक डबा म्हणून हसायचे."

"तिचंही तेच झालं. २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनोने मिळून काढली. पुढे भागीदारी मोडली आणि २०११ मध्ये तीच गाडी महिंद्राची व्हेरिटो झाली. गंमत म्हणजे लोगनच्याच पायावर रेनोची डस्टर उभी राहिली. २०१२ मध्ये ती आली, तर हसणारेच शोरूमला रांग लावून! पुढच्या वर्षी डस्टरची निसान टेरानोही झाली."

"म्हणजे लोक वरचा पत्राच बघतात."

"आणि बोनेटवरचा बिल्ला. मारुतीची बलेनो २०१९ मध्ये टोयोटाची ग्लांझा झाली, तिथे तर फरक नावापुरताच. अशा वेळी दोन्हीकडचा भाव विचारायचा, वॉरंटी बघायची, सर्व्हिस सेंटर कुणाचं जवळ ते बघायचं. बाकी हौसेला मोल नाही."

"धाकट्याला सांगायलाच पाहिजे हे."

"मी आत्ताच जाऊन सांगू?"

"थांब गं बाई! उद्या तो मला गाडीतून धुळ्याला दवाखान्यात नेणार आहे. परत आले की सांग."