जपानात विचारा

"तिकडे किंमत आहे हो! इकडे कुणाला काय त्याचं?" असं म्हणणारे एक गृहस्थ तुमच्या ओळखीत आहेतच. संस्कृतची कदर जर्मनीत, धृपदाची फ्रान्समध्ये, आयुर्वेदाची आणखी कुठेतरी. हे गृहस्थ स्वतः तिकडे कधी गेलेले नसतात. पण तिकडची बातमी त्यांच्याकडे ताजी असते, आणि इकडच्या एकूण बेकदरीचा ठपका त्या वेळी समोर सापडलेल्या माणसावर, म्हणजे तुमच्यावर असतो.

आमचे राजोनिएरे याच कुळीतले, फक्त इटालियन.

मिलानमध्ये ते माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. इटलीत रीतसर शिकलेल्या हिशेबनिसाला राजोनिएरे म्हणतात आणि नोकरी सुटली तरी बिरुद सुटत नाही. त्याच हिशेबाने ते मला इंजेन्येरे, म्हणजे इंजिनिअर, म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला अजून शंका आहे.

पहिली भेट भांडणाची व्हायची होती. रविवारी दुपारी वरून बायकांची आलापी सुरू झाली. बरी होती. मग चर्चमधला ऑर्गन आला, मग ड्रम, मग कुणीतरी दुखावल्यासारखं ओरडलं, मग सगळं एकदम थांबलं. संपलं म्हणून मी आडवा झालो, तर सगळे मिळून परत आले. जिना चढून बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा राजोनिएरेंच्या हातात रेकॉर्डचं कव्हर होतं, तान्ह्या मुलाचं डोकं सांभाळावं तसं धरलेलं.

"आवाज जरा..."

"कमी येतो का खाली?"

"जास्त येतो."

त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "इंजेन्येरे, हे बाल्लेत्तो दि ब्रोंझो. नेपल्स, १९७२. जपानात याला कुणी आवाज म्हणत नाही."

मी आत गेलो आणि दोन तासांनी बाहेर आलो. भांडण राहूनच गेलं.

त्या दोन तासांत मला कळलं ते असं. १९७० नंतरच्या चारपाच वर्षांत इटलीतल्या पोरांनी रॉक घेतलं, त्यात घरचंच ऑपेरा आणि चर्चचं संगीत घातलं, वर मूग आणि मेलोत्रोन अशी वाद्यं ओतली आणि वीस-वीस मिनिटांची गाणी केली. त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. बँडची नावं मात्र अशी की राजोनिएरे आपल्या जुन्या कचेरीबद्दल बोलताहेत असंच मला बराच वेळ वाटत होतं. एक 'परस्पर साहाय्य बँक', म्हणजे रोमचे बांको देल मूतुओ सोक्कोर्सो. एक 'पोचपावतीचं रजिस्टर पत्र'. आणि सगळ्यांत नावाजलेली ती मिलानची 'बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी', प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, लाडाने पीएफएम. कियारी गावातल्या एका बेकरीचं नाव त्यांनी उचललं होतं.

"आणि इटलीत हे सगळे ऐकतात?" मी भाबडेपणाने विचारलं.

"इटलीत?" राजोनिएरे हसले. ते हसू मी पुण्यात पुष्कळदा पाहिलं आहे. "जपानात विचारा."

तेव्हापासून जपान आमच्या जिन्यात येऊन राहिलं. लिफ्ट बंद पडली की जपान. ट्राम उशिरा आली की जपान. इमारतीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर हे गृहस्थ उभे राहून म्हणाले की टाकीचं काय ते बघा, पण ज्या देशाला स्वतःचं संगीत सांभाळता आलं नाही तो टाकी काय सांभाळणार. जपानात किंग रेकॉर्ड्सने आपले विसरलेले बँड शोधून शोधून परत छापले. टाकीचा खर्च पुढच्या सभेवर गेला. एकदा मी नुसतं "आज ऊन बरं आहे" म्हटलं. तेही त्यांनी कावासाकीपर्यंत नेलं. कावासाकीत क्लब चित्ता नावाचं सभागृह आहे, तिथे इटालियन प्रोग्रेसिव्हचे महोत्सव झाले. सभागृहाचं नावसुद्धा इटालियन आहे याचं त्यांना असं कौतुक, की जणू बारशाला हेच गेले होते.

अधूनमधून ते कोरियालाही जातात. जेनोआच्या न्यू ट्रोल्सनी १९७१ साली लुईस बाकालोव्ह यांच्याबरोबर 'कोंचेर्तो ग्रोस्सो' केलं, त्यातला विलंबित भाग कोरियात बायाबापड्यांना माहीत आहे म्हणे. पण कोरिया सणासुदीला. रोजच्याला जपान.

त्यांच्या पत्नी, सिन्योरा, या बाबतीत थोडक्यात बोलतात. "रेकॉर्डींबरोबर यांनाही न्या म्हणावं. मी पत्ता शोधून देते."

सिन्योरांना सान रेमोची गाणी आवडतात. सान रेमो म्हणजे दरवर्षी आख्खी इटली टीव्हीसमोर बसवणारी गाण्यांची स्पर्धा, आणि राजोनिएरेंच्या मते याच स्पर्धेने देश बुडवला. सिन्योरांचा लाडका गायक मिकेले झारिल्लो. आता गंमत अशी, की हाच झारिल्लो मिसरूड फुटायच्या वयात सेमिरामिस नावाच्या बँडमध्ये गिटार घेऊन गात होता, आणि त्या बँडची १९७३ची रेकॉर्ड राजोनिएरेंच्या देव्हाऱ्यात आहे. म्हणजे संसारभर दोघं एकाच माणसावर जीव टाकत आलेत. हे मी एकदा जेवताना बोलून दाखवलं. सिन्योरा म्हणाल्या, "बघा, तोच तो!" राजोनिएरे म्हणाले, "तो हा नव्हेच." चीजची बशी माझ्याकडे परत आली नाही.

इतिहास मात्र या जपानवेडाची चांगलीच थट्टा करतो. इंग्लंडच्या व्हॅन डर ग्राफ जनरेटरची १९७१ची 'पॉन हार्ट्स' ही रेकॉर्ड घरी कुणी विचारली नाही. इटलीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. जेनेसिसला घरच्याआधी इटलीने डोक्यावर घेतलं. तेव्हा इंग्लंडातल्या कुठल्यातरी गावी एखादा हिशेबनीस शेजाऱ्याला जिन्यात गाठून "इटलीत विचारा" म्हणत असणार. राजोनिएरेंना हे सांगितलं तर ते खूष झाले. त्यांना त्यातली थट्टा लागलीच नाही; लागला तो फक्त पुरावा.

त्यांच्यासाठी पापं दोन. पहिलं इंग्रजीत गाणं. पीएफएमला एमर्सन, लेक अँड पामर यांच्या मँटिकोर कंपनीने उचललं, पीट सिनफिल्डने त्यांना इंग्रजी शब्द लिहून दिले आणि १९७३ साली 'फोटोज ऑफ घोस्ट्स' परदेशी गेली. व्हेनिसकडच्या ले ओर्मेच्या 'फेलोना ए सोरोना'ला पीटर हॅमिलने इंग्रजी केलं. बाहेरच्यांना कळावं म्हणून केलेली ही सोय. आणि बाहेरचे खरे भक्त म्हणतात, आम्हाला इटालियनच हवं, कळत नाही तेच बरं. राजोनिएरेंना यात जपान्यांचा थोरपणा दिसतो. मला विचाराल तर त्या गाण्यांतले काही शब्द न कळणं सोयीचंच आहे. विशीतली पोरं विश्वाच्या उत्पत्तीवर आणि नीत्शेच्या अतिमानवावर बोलायला लागली की सुरांकडे लक्ष ठेवलेलं बरं.

दुसरं पाप मुझेओ रोझेनबाखचं. सान रेमोच्याच बाजूची ही पोरं. १९७३ साली त्यांनी 'झाराथुस्त्रा' काढली आणि कव्हरवरच्या चिकटचित्रात मुसोलिनीच्या पुतळ्याचा एक तुकडा घुसला. त्या काळात इटलीत असं काही घुसून चालत नसे. ऐकणारी पोरं डाव्या बाजूची, गाण्याआधी माणूस कुठल्या बाजूचा ते विचारणारी. बँडवर शिक्का बसला, रेकॉर्ड पडून राहिली, बँड मोडला. आज तीच मूळ प्रत मिळवायला लोक खिसे रिकामे करतात.

"जपान्यांना मुसोलिनी दिसला नाही?" मी विचारलं.

"जपान्यांना मेलोत्रोन ऐकू आला," राजोनिएरे म्हणाले. एवढं एक वाक्य मी त्यांचं म्हणून वहीत लिहून ठेवलं आहे.

पीएफएमच्या कार्यक्रमाला मला तेच घेऊन गेले. सगळं सभागृह उठून गात होतं. म्हातारे, पोरंटोरं, सगळी. मी म्हटलं, चला, इटलीत कदर आहे की! राजोनिएरे हाताची घडी घालून, ओठ मिटून बसले होते. १९७८-७९ साली पीएफएमने कवी-गायक फाब्रित्सिओ दे आंद्रेबरोबर दौरा केला, त्याच्या गाण्यांना नवा साज चढवला. आजही निम्मे लोक बँडकडे ती गाणी ऐकायला येतात, आणि चाललं होतं तेही त्यातलंच. मग पीएफएमच्या स्वतःच्या 'इम्प्रेस्सिओनी दि सेत्तेम्ब्रे' या गाण्यातला मूग घुमला. हाताची घडी सुटली. शेजारी बघितलं तर हे गृहस्थ डोळे मिटून दोन बोटांनी हवेत ती ओळ वाजवत होते, आणि एकही सूर चुकत नव्हता.

परत येताना ट्राम आली नाही. जपान येणार म्हणून मी तयार राहिलो. पण त्या रात्री ते मिलानबद्दलच बोलले. १९७६ साली पार्को लाम्ब्रोच्या महोत्सवात हे होते, तिथे क्रांती करायला जमलेल्या पोरांनी भुकेपोटी गोठवलेल्या कोंबड्यांची गाडी लुटली. "तुम्हीसुद्धा?" "मी हिशेब ठेवला," ते म्हणाले. पुढच्या वर्षी विगोरेल्लीवर सान्तानाच्या कार्यक्रमात पेट्रोलबॉम्ब पडले आणि परदेशी बँड इटलीत यायला घाबरू लागले. आस्तीच्या लोकांदा देल्ले फातेची सुरेख रेकॉर्ड निघाली तीही १९७७लाच, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी. कुणी पाट मांडला नाही.

आणि १९७९चा जून. आरेआ या बँडचा देमेत्रिओ स्त्रातोस, गळ्यातून एकाच वेळी दोन-दोन सूर काढणारा, न्यूयॉर्कच्या इस्पितळात होता. उपचारांसाठी पैसे जमवायला मिलानच्या आरेनात कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी तो गेला. कार्यक्रम झाला, हजारो लोक आले. "आम्हाला वाटलं, गर्दी त्याच्यासाठी आहे," राजोनिएरे म्हणाले. "ती निरोपाची होती. त्यानंतर कुणी माझ्याबरोबर बसून ऐकलं नाही." मग एकदम खाकरून, "तुम्ही ऐकता, पण तुम्हाला कळत नाही."

हे सगळं जरा गोडीत चाललं असताना नोवेग्रोच्या रेकॉर्डींच्या बाजारात त्यांना खराखुरा जपानी भेटला. एकाच खोक्यात दोघांचे हात, एकाच कव्हरवर. वय साधारण तेच, चष्मा तोच, स्वेटरसुद्धा. त्याला ते सरळ घरीच घेऊन आले आणि मला हाक मारली.

पाहुणे इटालियन बोलत, पण ते शिकले होते कव्हरांवर छापलेल्या गाण्यांवरून. त्यामुळे त्यांना प्रलय, नरकाचं दार, पहाटेचं धुकं, आत्म्याचा एकांत असं सगळं येत होतं. बाथरूम कुठे हे विचारता येत नव्हतं. सिन्योरांनी कॉफी दिली तर कपाकडे बघून ते अंधाराविषयी काहीतरी बोलले. सिन्योरांना हा पाहुणा फार आवडला.

बांकोची १९७२ची ती मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेली रेकॉर्ड त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वाकून. राजोनिएरेंची छाती फुगली. आता जपानातल्या कदरीचं वर्णन साक्षात जपान्याच्या तोंडून येणार होतं.

"माझ्या गावात," पाहुणे सावकाश शब्द जुळवत म्हणाले, "कुणी नाही. कचेरीत मी सांगत नाही. हसतात. बायको म्हणते, कानाला लावून ऐक. आम्ही थोडे लोक, म्हातारे, दूरदूर. पण इटली!" त्यांनी खिडकीबाहेर हात केला. खाली एक पोरगा स्कूटरवर रॅप लावून चालला होता. "इथे सगळ्यांना ठाऊक. इथे हवेत असेल. तुम्ही भाग्यवान."

राजोनिएरेंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या जपानच्या जोरावर हा मनुष्य चाळीस वर्षं शेजाऱ्यांशी, सरकारशी आणि सान रेमोशी भांडला, ते जपान समोर बसून बिस्कीट खात होतं.

"हो तर," ते म्हणाले. "इथे घरोघरी."

संध्याकाळी ते माझ्या दारात. उद्या पाहुण्यांना खालच्या बारमध्ये नेणार, तुम्ही बरोबर साडेदहाला आत यायचं, आणि जे वाजत असेल ते ऐकून सहज म्हणायचं, "अरे वा, लोकांदा देल्ले फाते!" बार चालवणाऱ्या चिनी जोडप्याची तालीम आधीच झाली होती. मी गेलो. जे बोलायचं ते बोललो. गल्ल्यावरच्या बाईंनी कप पुसता पुसता "१९७७," असं म्हटलं, इतक्या सफाईने की मीच चमकलो. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इटलीत चिनी आणि भारतीयसुद्धा! जाताना त्यांनी तिघांचा फोटो काढला. तो आता जपानात कुणाकुणाला दाखवला जात असेल.

रात्री जिन्यात राजोनिएरे थांबले. बराच वेळ किल्ल्या शोधल्या.

"इंजेन्येरे, भारतात ऐकतात का हो हे?"

"म्हणजे काय! पुण्यात तर विचारूच नका."

"मूळ प्रत, की नंतर छापलेली?"

"मूळ," मी म्हटलं.