फुकटचा सायरन

आमची गाडी कोणी चोरून नेईल अशी भीती घरात कोणालाच नव्हती. उलट, विम्याचा हप्ता भरायची वेळ आली की तशी आशाच व्यक्त व्हायची. २००५ची मारुती ८००, आणि टपावर सोसायटीच्या आंब्यावरच्या कावळ्यांचा वर्षानुवर्षांचा अभिप्राय. तिला अलार्म बसवायचं माझ्या मनातही नव्हतं. मला हवी होती ती सोय.

ज्यांनी सेंट्रल लॉकिंग नसलेली गाडी पावसात वापरली आहे त्यांना हे सांगायला नको. आधी स्वतः भिजत किल्ली लावायची, आत बसायचं, मग आडवं होऊन शेजारच्या दाराची खुंटी वर करायची, मग सीटमधून मागे वळून, खांद्याचा अंदाज घेत, मागच्या दोन्ही दारांच्या. तोवर आई बाहेर उभी, छत्री मिटावी की उघडीच ठेवावी या पेचात. उतरताना हाच कार्यक्रम उलट क्रमाने. एवढं करून लग्नाला गेल्यावर कार्यालयाच्या दारात अत्तर लावून घेईपर्यंत बायकोचा प्रश्न ठरलेला, "अहो, मागचं डावं दार लावलंत ना?" लावलेलं असायचं. तरी परत जाऊन बघावं लागायचं. आमच्या संसारातलं निम्मं चालणं मागच्या डाव्या दारापायी झालं आहे.

म्हणून मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा जो भाग नाना पेठेत मिळत नाही तो गाडीत नसतोच असं समजायला हरकत नाही. दुकानदाराने मी मागितलेला खोका बाजूला सारला आणि दुसरा पुढे केला. "नुसतं लॉकिंग कशाला घेता साहेब? अलार्मवालं घ्या. दोनशेचा तर फरक. दोन रिमोट, आणि हूटर फ्री." पुढचा सगळा इतिहास या 'फ्री'मुळे घडला. सोय मी पैसे मोजून घेतली होती, सुरक्षा फुकट पदरात पडली. आणि पुढे सोयीने मला कधीच त्रास दिला नाही.

"फिटिंग करून देऊ?"

"नको, घरीच करीन."

त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतल्या पोराला हाक मारली, "ए, साहेबांना टेपचं एक रीळ जादा दे."

किल्लीवाचून गाडी उघडायची हौस तशी जुनी. १९८२मध्ये रेनॉल्टने आपल्या 'फ्वेगो' या गाडीला रिमोट दिला. तो घडवणाऱ्याचं नाव पॉल लिपशुट्झ, म्हणून फ्रान्समध्ये अशा रिमोटला 'प्लिप' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी आपल्याकडे, १४ डिसेंबर १९८३ला, इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किल्लीऐवजी प्लिप दिला असता तर त्या समारंभाला शोभा आली असती का, मला शंका आहे. आजही शोरूमवाले बटण दाबून चालू होणारी गाडी देतात आणि फोटोसाठी हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली देतात. आपल्या माणसाला किल्लीवाचून मालकी पटत नाही.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये चटई अंथरली. एखादं काम माणूस लावून करून घेतलं तर एका माणसात होतं. स्वतः करायचं म्हटलं तर सोसायटीची अर्धी सभासदसंख्या लागते. पहिले आले तळमजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. "काय, विकायला काढली?" मग चारशेदोनवाले आले. त्यांचा मेव्हणा ऑटोमोबाईल इंजिनिअर असल्यामुळे त्यांना या विषयात बोलण्याचा अधिकार आहे. तिसरे वॉचमनमामा. ते काही बोलले नाहीत. फक्त आपली खुर्ची उचलून दिसेल अशा जागी ठेवली.

पहिली अडचण काच खाली करायच्या हँडलची. त्याला बाहेरून स्क्रूच नाही. हँडल आणि दाराचं पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ चकती असते आणि हँडलच्या पाठीत तारेची एक वाकडी क्लिप दडलेली असते. चारशेदोनवाल्यांच्या मेव्हण्याने फोनवरून विशेष हत्यार सांगितलं. ते जपानमध्ये मिळतं. मामांनी खुर्चीतूनच खिशातलं फडकं पुढे केलं. फडकं हँडलच्या मागे घालायचं, दोन्ही टोकं धरायची आणि बूट पॉलिश करतात तसं डावीकडे-उजवीकडे खसाखसा ओढायचं. फडक्याच्या धाग्यात क्लिपचं टोक अडकतं, टिंग असा आवाज होतो आणि हँडल हातात येतं. क्लिप मात्र येत नाही. ती उडते. चारपैकी तीन आम्ही सगळ्यांनी ओणवं होऊन शोधल्या. चौथी बँकेच्या काकांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. त्यांनी ती परत देताना माझी सही घेतली नाही, एवढंच.

पॅड निघालं की दाराच्या आतला पत्रा दिसतो आणि माणसाचा वाहन उद्योगाविषयीचा आदर एकदम कमी होतो. एवढ्या मोठ्या दारात एक काच, दोन सळया आणि बाकी सगळी हवा. त्यातली एक सळई वर आपल्या खुंटीला जाते आणि खाली लॉकला. खोक्यातल्या चार मोटरी या सळयांना जोडायच्या. मोटर म्हणजे पेटीतून बाहेर येणारा आणि आत जाणारा एक दांडा. वीज एका दिशेने दिली की ओढतो, उलट दिली की ढकलतो. तीन मोटरींना दोन-दोन वायरी, निळी आणि हिरवी. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला पाच, कारण ती पुढारी: तिची खुंटी हलली की ती आतल्या काळ्या डबीला कळवते आणि डबी बाकीच्या तिघींना हुकूम सोडते. सगळी खुबी दांडा आणि सळई एका रेषेत ठेवण्यात. रेष जरा तिरकी झाली की मोटर कण्हते आणि खुंटी अर्ध्यात अडते. त्यासाठी खोक्यात भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या दिलेल्या असतात. त्या वाकवता वाकवता चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि 'एका रेषेत' म्हणजे काय, यावर सभासदांमध्ये तट पडले.

वायरी दारातून गाडीत न्यायच्या त्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून. उघड्यावरून नेल्या तर दार लावता-उघडता कातरल्या जातात. हे काम ज्याची बोटं बारीक त्याचं. म्हणून ते शेवटी माझ्या मुलीने केलं, कानातले हेडफोन न काढता.

संध्याकाळी बटण दाबलं. खट्! तीन खुंट्या खाली गेल्या. मागच्या डाव्या दाराची वर आली. पुन्हा दाबलं, तीन वर, ती खाली. त्या मोटरीच्या निळ्या-हिरव्या वायरी कारखान्यातच उलट्या जोडून आल्या होत्या. तिथे दोन्हींची अदलाबदल केली की भागतं, आणि भागलंही. पण बायकोने गॅलरीतून सारं पाहिलं होतं. "मी म्हणत होते ना," ती म्हणाली. वीस वर्षांची शंका अशी एका क्षणात सिद्ध झाली.

सोय इथे संपते. आता फुकटची सुरक्षा.

अलार्मला फार काही लागत नाही. बॅटरीची कायम चालू राहणारी लाल वायर, मध्ये फ्यूज, बॉडीला घट्ट अर्थिंग, इग्निशनची एक तार, इंडिकेटरच्या दोन, आणि दार उघडल्यावर आतला दिवा लावणाऱ्या बटणाची एक. टेस्ट लॅम्प हातात असला की हे सगळं सापडतं. इंजिन बंद पाडणारी रिलेही खोक्यात होती. ती मी ठेवून दिली. कात्रजच्या घाटात, मागे लाल डब्बा लागलेला असताना, माझ्याच गाडीने मला चोर समजावं हे मला परवडणारं नव्हतं.

उरला शॉक सेन्सर. धक्का ओळखणारी काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यावर बारीक स्क्रू. एकीकडे फिरवला तर गाडीवर हातोडा मारला तरी ती गप्प. दुसरीकडे फिरवला तर शेजारी उभं राहून शिंकायची सोय नाही. याच्या मधली जागा कागदावर असते, गाडीत नसते. चारशेदोनवाल्यांनी बॉनेटवर थाप मारून बघितली, मी स्क्रू फिरवला, त्यांनी थाप मारली. शेवटी गाडी त्यांच्या थापेला वाजू लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्यांनाही वाजली.

आणि मग गणपती आले. चौकातलं ढोल पथक सोसायटीच्या फाटकाशी आलं आणि पहिल्या टिपऱ्यालाच आमची ८०० कोकलली. तिचं ऐकून समोरची सेडान, तिचं ऐकून कोपऱ्यातली एसयूव्ही. ढोल पुढे गेले तरी पार्किंगमधली आरती चालूच. दिवाळीत सुतळी बॉम्बने तेच. अमावास्येला मांजराने टपावर उडी मारून तेच.

या काळात मला एक गोष्ट कळली. सायरन वाजला की चोर आला असं समजणारा माणूस या शहरात उरलेला नाही. गॅलऱ्यांचे दिवे लागतात, माणसं बाहेर येतात, आणि कोणीही 'चोर, चोर' म्हणत नाही. सगळे म्हणतात, "कोणाची रे ती?" चोर खरोखरच आलेला असेल तर तो शांतपणे काम उरकून, जाता जाता दोन शिव्या मालकाला घालून निघून जाईल, आणि सगळे त्याच्याशी सहमत होतील. चोराला उघडं पाडायला लावलेलं हे यंत्र फक्त मालकाला उघडं पाडतं. तेही अक्षरशः, कारण रात्री दोन वाजता मी बनियनवर खाली धावत असतो.

बँकेचे काका २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांची प्रत घेऊन आले. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या हूटरच्या खोक्यावर अभिमानाने १२० छापलं होतं. "पंच्याहत्तरचा ओव्हरड्राफ्ट," काका म्हणाले. बँकेत असताना त्यांनी कोणाला एवढा दिला नव्हता.

म्हटलं, निदान विम्यात तरी सूट मिळेल. मोटार टॅरिफप्रमाणे मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्राला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट असते, जास्तीत जास्त ५०० रुपये. मान्यता एआरएआयची, म्हणजे ज्या टेकडीवर मी रोज सकाळी फिरायला जातो तिथल्याच संस्थेची. १९६६मध्ये ती स्थापन झाली आणि आता तिच्यावरून टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात. संस्थेच्या भिंतीवरून रोज चालत असूनही आमच्या यंत्राकडे तिचं प्रमाणपत्र नव्हतं. एजंटने हिशेब करून धीर दिला, "काका, तुमच्या गाडीची किंमत बघता सव्वीस रुपये बुडाले."

रिमोटची मजा वेगळी. बऱ्या रिमोटमधून दर वेळी नवा आकडा जातो आणि गाडीतली डबी पुढचे आकडे मोजत असते. वापरलेला आकडा पुन्हा आला तर ती ओळख दाखवत नाही. म्हणजे चोराने हवेतून सिग्नल पकडून ठेवला तरी उपयोग शून्य. यातली 'कीलॉक' नावाची गाजलेली पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली. २००८मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी ती फोडूनही दाखवली. आमच्याकडे तिला हरवायला संशोधक लागले नाहीत. चार वर्षांच्या भाच्याने सोफ्यावर बसून सबंध दुपारभर बटण दाबलं. रिमोट मोजत मोजत खूप पुढे गेला, गाडी बिचारी सकाळच्याच आकड्यावर थांबली होती. दोघांची समजूत घालायला लागोपाठ दोनदा बटण दाबावं लागलं.

महागड्या गाड्यांचं दुःख मोठं. चारशेदोनवाल्यांच्या नव्या गाडीची किल्ली खिशात असली तरी पुरते. जवळ गेलं की दार उघडतं. मेव्हण्याने सांगितलं, चोर दोन यंत्रं आणतात, एक घराच्या दाराशी, एक गाडीशी, आणि आत टेबलावर पडलेल्या किल्लीचा सिग्नल बाहेर पोचवून गाडी पळवतात. उपाय म्हणजे किल्ली धातूच्या बंद डब्यात ठेवणं. लहरी अडवणारा असा पिंजरा मायकेल फॅरडेने १८३६मध्ये करून दाखवला होता. तेव्हापासून अठरा लाखांच्या गाडीची किल्ली त्यांच्याकडे चकलीच्या स्टीलच्या डब्यात असते. झाकण घट्ट बसावं म्हणून वहिनींनी चकल्या काढल्या आहेत. यावरून त्यांच्याकडे बोलाचाली बंद आहे.

शेवटी विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत गेला. अलार्म काढून टाका असं म्हणायला कोणी तयार नव्हतं, कारण एव्हाना सगळ्यांनी तो बसवला होता. मारुती ८००ला आहे आणि आपल्या गाडीला नाही, हे कोणाला सहन होणार? मामांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, मला आवाजावरनं कळतं कोणाची हाय ती. रिमोट माझ्यापाशी द्या, मी खालच्या खाली बंद करीन. तुम्ही झोपा." ठराव एकमताने मंजूर झाला. सोसायटी स्थापन झाल्यापासून एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.

आता सगळ्या गाड्यांचे जादा रिमोट मामांच्या केबिनमध्ये फळीवर खिळ्यांना टांगलेले असतात, खाली फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्या. केबिनला नुसती कडी आहे. तिला कुलूप लावावं अशी सूचना आली होती. पण किल्ली कोणाकडे ठेवायची यावर एकमत न झाल्याने विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला आहे.