एका खुनाचा कच्चा खर्डा

गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ ही कादंबरी 2012 साली प्रसिद्ध झाल्यापासून इंग्रजी वाचकांस असा साक्षात्कार झाला आहे की, शत्रू खिडकी फोडून घरात शिरत नसून, रीतसर मंगलाष्टके म्हणवून घेऊन, पहिल्याच पंक्तीस बसून तो घरचाच झालेला असतो. सासर नावाची संस्था आपल्याकडे या वाङ्मयप्रकाराच्या कितीतरी आधीपासून चालू असल्यामुळे, आपणही अशी एक गृहहत्यात्मक कादंबरी सिद्ध करावी, असा संकल्प सोडून मी स्थळ म्हणून कोकणातले आंजर्ले निवडले. नारळी-पोफळीच्या वाड्या, जोग नदीची खाडी, काळोखी माजघरे आणि भाऊबंदांत सामायिक असलेली विहीर. एका खुनास याहून अधिक सामग्री लागत नाही.

घोडे अडले ते गुप्ततेपाशी. या प्रकारात नवऱ्याने निदान शंभर पाने तरी बायकोपासून काही लपवावे लागते. परंतु दापोलीच्या एस्टीतून तो कोणती पिशवी घेऊन उतरला याची वर्दी त्याच्याआधी घरी पोचते, आणि पिशवीत काय असावे याविषयी दोन आळ्यांत दोन परस्परविरुद्ध, पण सारख्याच ठाम जबान्या तयार असतात. (अविश्वसनीय निवेदक म्हणून पाश्चात्य समीक्षक ज्याची वाखाणणी करतात, तो आमच्याकडे दिवाणी दाव्यात साक्षीस उभा राहतो.)

माग पुसण्याची सोय तर प्रत्यक्ष दैवतासही नाही. आंजर्ल्याचा गणपती समुद्रकाठ सोडून कड्यावर गेला तेव्हा, आख्यायिकेप्रमाणे, त्याचे पाऊल वाटेत खडकावर उमटले, आणि लोक आजही ते दाखवतात. रात्री किनाऱ्यावर येऊन, शंभराच्या आसपास अंडी पुरून, वर वाळू लोटून उजाडण्यापूर्वी परागंदा होणारी ऑलिव्ह रिडले कासवाची मादी ही वास्तविक या वाङ्मयाची आदर्श नायिका. पण सकाळी कासवमित्र तिच्या सरपटण्याचा माग काढीत येतात, अंडी कुंपणात हलवतात, आणि पिल्ले समुद्रात सोडताना पुण्या-मुंबईचे पाहुणे कॅमेऱ्यांसह पंच म्हणून हजर असतात.

शेजारच्या मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडशांनी हे पुरते ओळखले असावे. ‘तुंबाडचे खोत’मध्ये रहस्य राखण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऱ्हास दोन खंडांत सरळ मांडला, आणि झोप उडवण्यास तो पुरेसा आहे.

माझा खर्डा पहिल्याच प्रकरणात थांबला आहे. ज्या कोणास तो पुढे न्यावयाचा असेल त्याने आंजर्ल्यास अवश्य जावे. कोणाकडे उतरलात, हे मात्र मला कळवण्याची तसदी घेऊ नये. कळेलच.