आधी खाडा बंद करा

शहरातल्या कंपन्या बायकांच्या आरोग्य विम्यात आता बाळंतपणाचा खर्च, कर्करोगाच्या तपासण्या घालू लागल्या आहेत. चांगलंच आहे. पण याच महाराष्ट्रात लाखो बायका उसाच्या फडात राबतात आणि त्यांचा मालक कोण, हेच अजून ठरत नाही.

कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसती उचल देतो. ती उचल नवरा-बायको मिळून एक कोयता धरून दिलेली, हिशेब नवऱ्याच्या नावावर. पाळीच्या दुखण्यानं बाई एक दिवस खोपीत पडून राहिली, की खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. तळावर न्हाणी नाही, संडास नाही. अंगावरून जात असलं तरी पहाटेपासून मोळ्या वाहायच्या. मग कोणी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. त्या शस्त्रक्रियेच्या पैशांसाठी पुन्हा मुकादमाचंच दार.

2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुढे अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. दवाखान्यांना लगाम हवाच होता. पण जो खाडा बाईला त्या टेबलापर्यंत नेतो, त्याला कोणी हात लावला नाही.

कायद्यानंही अंग काढून घेतलं. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत साखर नाव घेऊन घातली. या विम्याबाहेरच्या मातृत्व लाभाला बाळंतपणाआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवसांचं काम पुरतं. उसाच्या एका हंगामात ते सहज भरतं, पण बाईची हजेरी कोणाच्याच बुकात नसते.

दर हंगामाला गाळपाचा परवाना पुण्याचं साखर आयुक्तालय देतं. त्या परवान्यातच लिहा: खाड्याचा दंड घेणाऱ्या मुकादमाची टोळी कारखान्यानं घ्यायची नाही. प्रत्येक बाईची हजेरी आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर. आजारपणात पगारी सुट्टी. तळावर पाणी, संडास आणि आठवड्याला नर्सची फेरी, कारखान्याच्या खर्चानं. हे न करणाऱ्या कारखान्याचं धुराडं त्या वर्षी पेटू देऊ नका.