एक्झॉस्टशेठ

पनवेलमध्ये माणसाकडे पैसा असो वा नसो, हाक 'शेठ' अशीच मारायची. खडीचा शेठ, प्लॉटचा शेठ, भरावाचा शेठ, आणि कसलाच धंदा नसेल तर नुसता शेठ. या घराण्यात अलीकडे नवा वारस जन्मला आहे: एक्झॉस्टशेठ. वय २२ ते २७. गाडी एमएच ४६ पासिंगची, सेकंडहँड, चार लाखांची. तिच्यावर झालेला खर्च पाच लाखांचा. हप्ते वडील भरतात, कारण 'पोरगं दारूबिरू पीत नाही' एवढं एकच, पण भक्कम प्रशस्तिपत्रक त्याच्याकडे आहे.

दिवसा हा मुलगा कमालीचा सालस. रस्त्यात शेजारच्या काकू दिसल्या की "या ना काकू, स्टेशनला सोडतो" म्हणणार. काकूच टाळतात. गाडी 'लोअर' केलेली असल्यामुळे आत शिरायला वाकावं लागतं आणि बाहेर यायला दोन माणसं लागतात. शिवाय वाटेत स्पीडब्रेकर असतात. ताशी दोनशेच्या गप्पा मारणारी ही गाडी स्पीडब्रेकरपाशी नव्या नवरीने माप ओलांडावं तशी लाजत, तिरकी होत, एकेक चाक पुढे टाकते. मागे रिक्षावाले तिच्या खानदानाचा उद्धार करत असतात.

रात्री साडेअकरानंतर मात्र शेठ वेगळाच. ग्रुपवर निरोप येतो: 'खारघर, सेंट्रल पार्क.' दहा मिनिटांनी: 'तिथे व्हॅन उभी आहे. पाम बीच.' आणखी दहा मिनिटांनी: 'तिथेही आहे. पळस्पे.' अशा रीतीने अर्धी रात्र जागा शोधण्यातच जाते. जागा मिळाली की डझनभर गाड्या ओळीत लागतात, बोनेटं उघडतात आणि मंडळी आत डोकी घालून उभी राहतात. इंजिनातलं कळणारा त्यांत एखादाच. बाकीचे 'भारी' म्हणायला आलेले. मग कुणीतरी उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. एक्झॉस्टमधून फटाके फुटतात. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पहिल्या फटाक्यातच ती संपते आणि समोरच्या इमारतीत सात मजल्यांचे दिवे लागतात. शेठला ती रोषणाई आपल्या स्वागताची वाटते.

शाळेत भूगोलात हा काठावर पास झालेला. पण नवी मुंबई पोलिस आयुक्तालयाची हद्द कुठे संपते, रायगड पोलिसांची कुठे सुरू होते आणि मधला कोणता पट्टा महामार्ग पोलिसांचा, हे त्याला तलाठ्यापेक्षा नेमकं ठाऊक. गणितातही प्रगती आहे. २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे सरासरी वेगही मोजू लागले. ताशी १०० ची मर्यादा तर पाळायची नाही, आणि चलान तर नको. शेठने उपाय काढला: आधी सुसाट जायचं, मग फूड मॉलवर वडापाव खात सरासरी खाली येण्याची वाट बघायची. एवढी वाट बघून तो एसटीने निघालेल्या आत्याच्या मागून पोचतो. पण वेगात गेल्याचं समाधान आत्याला कुठलं?

नाकाबंदीत सापडला की संवाद ठरलेला.

"काय रे, शर्यत लावली होती?"

"शर्यत कुठली साहेब? दोघं मित्र एकाच वेळी घाईत होतो."

"आणि हा आवाज?"

"कंपनीतूनच तसा येतो साहेब."

"कंपनीने नंबरप्लेटवर ४१४१ चं 'दादा' पण करून दिलं का?"

मग शेठ फोन पुढे करतो. "साहेब, एक मिनिट भाऊंशी बोला." हवालदार ई-चलानचं मशीन पुढे करतात. "भाऊंना सांग, आधी याच्याशी बोलून घ्या."

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ शेठला तोंडपाठ आहे. परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्या वेळी १०,००० पर्यंत किंवा १ वर्षापर्यंत, आणि दोन्ही वेळा दोन्ही शिक्षा एकदमही होऊ शकतात. पण चलान तो भरत नाही, साठवतो. लोकअदालत आली की काही सूट मिळेल, या आशेवर त्याचा न्यायसंस्थेवर गाढ विश्वास आहे. त्याला खरं दुःख एकाच गोष्टीचं होतं. पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, तो व्हिडिओ त्याला शेवटपर्यंत बघवत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि देशभर ओरड झाल्यावर तो आदेश बदलला. तेव्हा पनवेलमध्येही काही घरांतल्या किल्ल्या आठवडाभर कपाटात गेल्या. अल्पवयीन मुलाने गाडीने गुन्हा केला तर पालकालाच ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, हे शेठच्या वडिलांना सांगून बघितलं. ते निर्धास्त होते. "आमचा २४ चा आहे," म्हणाले. आठव्या दिवशी किल्ली परत मिळाली.

कारण शेठ एकटा घडत नाही. हप्ते वडिलांचे, दसऱ्याला बोनेटवर स्वस्तिक आईचं, सुटकेचा फोन भाऊंचा. आणि कडेला मोबाइल धरून 'अजून एकदा, अजून एकदा' ओरडणारी चाळीस पोरं असतात, त्यांच्यावर कुणी कलम लावत नाही. प्रेक्षक नसले तर हाच शेठ लाल सिग्नलला मुकाट थांबतो. रिकाम्या रस्त्यावर फटाके फोडताना त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही.

पोलिसांना जे जमत नाही ते लग्नाने जमतं. बायको पहिल्याच फेरीत म्हणते, "हे असलं माझ्या माहेरी न्यायचं नाही." एक्झॉस्ट ऑनलाइन विकायला निघतो आणि करंजाड्याचा एक पोरगा तो रोख पैसे देऊन घेऊन जातो. शेठ आता सोसायटीच्या कमिटीवर आहे. परवा रात्री एक वाजता त्याचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. बायको म्हणाली, "११२ ला फोन लाव आधी!" फोन हातात घेऊन तो बाल्कनीत गेला, कान देऊन ऐकत राहिला, आणि आत येऊन खिन्नपणे म्हणाला, "आपलाच आहे गं. गाढवाने ट्यूनिंग बिघडवलंय."